कोरड्या मुलखातील ओलाव्याचे रोग : प्रस्तावना

बीडहून परळीकडे जाणाऱ्या सडकेवर वडवणी लागते. बालाघाटाच्या डोंगररांगांना लागून असलेला हा टापू १९४८ साली निजामाच्या अमलातून मुक्त झाला, १९५६ साली द्विभाषिक मुंबई राज्यात गेला, १९६० साली महाराष्ट्रात आला आणि पुढे यथाकाल वडवणीचा स्वतंत्र तालुकाही झाला. परंतु राज्ये बदलली, दप्तरे बदलली, दप्तरांची भाषा बदलली, तरी पर्जन्याच्या हिशेबात या मुलखाच्या नावापुढील शेरा काही बदलला नाही, आणि ‘अवर्षणप्रवण’ हे विशेषण त्याच्या कपाळी कायम राहिले. अशा कोरड्या प्रदेशातील वाचकांपुढे, ज्यांचे सारे जीवित ओलाव्यावर अवलंबून आहे अशा रोगांची ओळख करून देणारी पुस्तिका ठेवण्याचे प्रयोजन काय, असा प्रश्न कोणाही विचारी माणसाच्या मनात उभा राहील, आणि तो रास्तही आहे.

त्याचे उत्तर असे की, त्वचेच्या आणि मुखाच्या किण्वजन्य, म्हणजे एकपेशीय बुरशीमुळे होणाऱ्या, रोगांना लागणारा ओलावा आभाळातून पडत नाही. तो माणसाच्या देहातच निपजतो आणि देहाच्याच सांदीकोपऱ्यांत साचतो : काखेत, जांघेत, स्तनांखालच्या घडीत, पायांच्या बोटांच्या बेचक्यांत, तान्ह्या मुलाच्या मानेच्या वळ्यांत, ओठांच्या कोपऱ्यांत आणि कवळीखालच्या टाळूवर. चैत्र-वैशाखात विहिरी तळ दाखवू लागल्या आणि घरचा कारभार टँकरच्या येण्याजाण्यावर चालू लागला, म्हणजे आलेले पाणी आधी पिण्याला, मग गुरांना, मग भांड्यांना आणि उरले तर अंगाला लागते. मग घामाने भिजलेला, अंगावरच वाळलेला आणि पुन्हा भिजलेला कपडा तिसऱ्या दिवशीही अंगावरच राहिला तर त्यात नवल नाही. पाण्याचा तुटवडा हेच ओलाव्याच्या रोगाचे कारण व्हावे, हा विरोधाभास पुस्तकी वाटेल. वडवणीच्या कोणत्याही वस्तीवर मे महिन्यात गेल्यास तो डोळ्यांनी पाहता येतो.

शिवाय वडवणीचा रहिवासी बारा महिने वडवणीत असतो कोठे? दसरा-दिवाळीच्या सुमारास मुकादमाची उचल अंगावर घेतलेली जोडपी, ज्यांना त्या धंद्यात ‘कोयता’ याच एका शब्दाने मोजतात, पश्चिम महाराष्ट्रातील आणि कर्नाटकातील साखर कारखान्यांच्या हद्दीत जातात आणि उन्हाळा लागेपर्यंत तेथेच राहतात. तेथे पाण्याचा तुटवडा नाही, पाटाच्या पाण्याने जमीन ओली आहे; पण अंघोळीला आडोसा नाही, आणि कपडा वाळवायला उसंत नाही. पहाटे दहिवराने निथळणाऱ्या उसात शिरलेल्या बाईचे पाय फडातून बाहेर येईपर्यंत कोरडे होत नाहीत, आणि मोळ्या वाहून गाडी भरून झाली की ती कोपीवर परतते ती चुलीपुढे बसण्यासाठी, पाय पुसण्यासाठी नव्हे. अशा रीतीने अर्धे वर्ष पाण्यावाचून आणि अर्धे वर्ष ओलीत, अशा दुहेरी पेचात सापडलेल्या लोकांसाठी पुढील प्रकरणे लिहिली आहेत.

आता या रोगांच्या कर्त्याकडे वळू. बुरशी म्हटले की शिळ्या भाकरीवरचा किंवा पावसाळ्यात चामड्याच्या जोड्यावर उगवणारा केसाळ थर आपल्या डोळ्यांपुढे येतो. परंतु बुरशीच्या अफाट गोत्रात एकपेशीय जीवांचाही एक मोठा वर्ग आहे, त्याला किण्व म्हणतात, आणि पाव फुगवणारे व शिंदी आंबवणारे जीव याच वर्गातले. माणसाच्या अंगाशी संबंध येणाऱ्या किण्वांपैकी दोघांची नावे या पुस्तिकेत वारंवार येतील : मुखात, आतड्यात व ओलसर घड्यांत वावरणारा कॅन्डिडा, आणि त्वचेच्या तेलावर जगणारा मॅलसेझिया. कॅन्डिडाची एक पेशी इतकी लहान, की एका मिलिमीटरात तशा दोनशेंच्या आसपास पेशी ओळीने बसाव्यात. पण त्यांचे विशेष त्यांच्या लहानपणात नाही. ते मूळचेच आपल्या अंगावर आहेत, यात आहे. पटकी गढूळ पाण्यातून येते, हिवताप डासाच्या डंखातून येतो; कॅन्डिडा मात्र असंख्य निरोगी माणसांच्या मुखात, त्यांना यत्किंचितही उपद्रव न देता, बिनभाड्याच्या बिऱ्हाडकरूसारखा वर्षानुवर्षे राहत असतो, आणि घरमालकाची शक्ती खचली, घराची व्यवस्था बिघडली, की मगच तो ओसरीवरून माजघरात शिरतो. तसे शिरताना त्याचे रूपही पालटते. गोल पेशीला लांबट तंतू फुटतात आणि ते तंतू श्लेष्मल त्वचेत रुततात.

या एका गोष्टीत या विषयाचे सारे मर्म साठलेले आहे, आणि प्रस्तुत लेखकाला जर वाचकापुढे एकच म्हणणे मांडावयाचे असेल तर ते हेच, की किण्वाचा रोग ओळखणे म्हणजे केवळ पांढरा थर किंवा लाल चट्टा ओळखणे नव्हे, तर त्या बिऱ्हाडकरूला डोके वर काढण्यास घरात काय बिघडले होते, याचा तपास करणे होय. रक्तातील साखर, नुकतेच घेतलेले प्रतिजैविक, दम्याचा फवारा, रात्री न काढलेली कवळी, रक्ताचा पांडुरोग, एचआयव्हीची बाधा, औषधाच्या दुकानातून आणलेले स्टिरॉइडमिश्रित मलम, नाहीतर नुसता ओला लंगोट : यांपैकी काही ना काही कारण बहुधा हाती लागतेच.

हा रोग प्राचीन आहे. ग्रीक वैद्यांच्या ग्रंथांत अशक्त बालकांच्या मुखातील अशा व्रणांचा निर्देश सापडतो. आणि आपल्याकडे सुश्रुताने मुखरोगांची संख्या पासष्ट ठरवून त्यांचे स्थानपरत्वे वर्गीकरण केले, त्यात सर्व मुख व्यापणाऱ्या मुखपाकाला वेगळे स्थान दिले. परंतु मला स्वतःला सुश्रुताच्या क्षुद्ररोगांच्या प्रकरणातील ‘अहिपूतन’ या व्याधीचे वर्णन अधिक विस्मयकारक वाटते. मलमूत्राने माखलेले तान्ह्या मुलाचे अपान वेळच्या वेळी धुतले नाही, किंवा त्याला घामेजलेले तसेच ठेवले, तर तेथे कंडू सुटते, खाजवल्याने फोड येतात आणि स्राव वाहू लागतो, असे त्याचे तात्पर्य आहे. सूक्ष्मदर्शक यंत्र ज्याने स्वप्नातही पाहिले नाही अशा माणसाने लंगोटाखालच्या चट्ट्याचे कारण इतके अचूक हेरावे, आणि त्यानंतर दोन हजार वर्षांनी प्लास्टिकचे लंगोट विकत घेणाऱ्या सुशिक्षित मातापित्यांना ते नव्याने सांगावे लागावे, यावर अधिक भाष्य करण्याचे कारण नाही.

रोगाचा कर्ता डोळ्यांना दिसण्यास मात्र एकोणिसावे शतक उजाडावे लागले. १८३९ साली लांगेनबेक या जर्मन शस्त्रवैद्याला सन्निपातज्वराने दगावलेल्या एका रोग्याच्या मुखात व घशात ही बुरशी आढळली, आणि त्याने तिलाच त्या ज्वराचे कारण मानले. तीनचार वर्षांतच पॅरिसमध्ये ग्रुबीने मुलांच्या मुखातील पांढऱ्या थराचा आणि या वनस्पतिसदृश जीवाचा खरा संबंध दाखवून दिला. पुढे पाऊणशे वर्षे या जीवाला नाना नावे मिळाली, आणि १९२३ साली नेदरलँड्समधील क्रिस्टीन बर्खाउट या विदुषीने आपल्या प्रबंधात ‘कॅन्डिडा’ हे नाव योजले, ते आजतागायत टिकले आहे. लांगेनबेकची चूक क्षम्य होती, परंतु तिची जात अजून नष्ट झालेली नाही : ज्वराने खंगलेल्या रोग्याच्या मुखात बुरशी दिसली की ती मूळ रोग नसून मूळ रोगाची खूण आहे, हे आजही पुष्कळदा ध्यानात येत नाही.

मुखापासून आरंभ करू. तान्हे मूल दूध ओढीना, स्तनाला तोंड लावताच किरकिरू लागले, की घरातील वडीलधारी बाई त्याचे तोंड उघडून पाहते आणि ‘तोंड आलं’ एवढा निवाडा देऊन मोकळी होते. हा निवाडा अपुरा आहे. आशा कार्यकर्तीने अशा वेळी मुलाला दारात उजेडाकडे तोंड करून आईच्या मांडीवर निजवावे, स्वतःचे हात साबणाने धुवावेत, उकळून वाळवलेल्या मलमलीचा तुकडा तर्जनीभोवती गुंडाळावा आणि जिभेवरचा पांढरा थर हलक्या हाताने टिपून पाहावा. दुधाचा साका असेल तर तो बहुधा जिभेपुरताच असतो, पातळ असतो आणि सहज निघून येतो. कॅन्डिडाचा थर दह्याच्या कवडीसारखा दिसतो; तो जिभेवर थांबत नाही, गालांच्या आतल्या बाजूस, हिरड्यांवर, टाळूवर, ओठांच्या आत ठिपक्याठिपक्यांनी पसरतो, सुटताना चिकटून धरतो, आणि सुटला तर खालची त्वचा लालभडक दिसते, क्वचित तीवर रक्ताचा बारीकसा थेंब उमटतो. एवढे दिसले की परीक्षा संपली. थर खरवडून तोंड ‘साफ’ करण्याच्या भरीस मुळीच पडू नये. मग त्याच बैठकीत आईलाही विचारावे, कारण स्तनाग्रे चकचकीत लाल झाली असतील, पाजताना व पाजल्यानंतरही त्यांत आग होत असेल, तर आई आणि मूल हे दोन रोगी नव्हेत, एकच होत. एकाला औषध देऊन दुसऱ्याला सोडले तर रोग येरझारा घालीत राहतो.

येथे एका जुन्या उपचाराचा उल्लेख अपरिहार्य आहे. टाकणखाराची लाही करून ती मधात खलून मुलाच्या जिभेला लावण्याची चाल आपल्याकडे घरोघर होती, आणि पुढे दवाखान्यांतूनही टाकणखार व ग्लिसरीन यांची बाटली मिळत असे. आजीच्या हातगुणावर आघात करण्याची हौस मला नाही. तरीपण टाकणखार पोटात गेला तर तान्ह्या मुलाला विषासमान ठरू शकतो, आणि वर्षाच्या आतील मुलाला मध चाटवणे हेही, त्यातील एका जिवाणूच्या बीजांमुळे, जिवावर बेतू शकते, ही दोन्ही विधाने आता निर्विवाद आहेत. जांभळ्या औषधाने म्हणजे जेन्शियन व्हायोलेटने बुरशी मरते खरी, पण कडक द्रावणाने कोवळ्या तोंडात व्रण होतात, आणि त्याची जागा आता सौम्य औषधांनी घेतली आहे.

प्रौढ माणसाच्या मुखात हाच थर दिसला तर प्रश्नांची दिशा पालटते. म्हाताऱ्याला प्रथम कवळीविषयी विचारावे. रात्रंदिवस कवळी तोंडात ठेवणाऱ्याच्या टाळूवर कवळीच्याच आकाराचा लाल ठसा उमटलेला असतो, पांढरे काहीच दिसत नाही आणि पुष्कळदा दुखतही नाही. त्यावर औषधापेक्षा रात्री कवळी काढून, घासून, स्वच्छ पाण्यात ठेवण्याचा उपयोग अधिक होतो. दम्याचा फवारा ओढणाऱ्याने प्रत्येक वेळी चूळ भरली पाहिजे. ओठांचे कोपरे चिरून तेथे पांढुरकी साल धरली असेल तर कॅन्डिडाच्या जोडीला रक्तातील लोहाची व ब-जीवनसत्त्वांची उणीव शोधावी. आणि ज्या तरुण स्त्रीपुरुषाला यांपैकी कोणतेच कारण नाही, तरीही मुखात पुन्हापुन्हा थर धरतो, घास गिळताना छातीत दुखते, वजन उतरते आहे, त्याची रक्तातील साखर आणि एचआयव्हीची चाचणी या दोन्ही गोष्टी संकोच न करता करून घ्याव्यात. शासनाच्या एकात्मिक समुपदेशन व चाचणी केंद्रात ही दुसरी चाचणी मोफत होते आणि तिचा निष्कर्ष गुप्त राखण्याचे बंधन असते. आशाताईने हे सांगताना आवाज खाली आणावा, पण सांगणे टाळू नये.

पण मुखाच्या बाबतीत सर्वांत अधिक घात होतो तो दुसऱ्याच एका पांढऱ्या डागामुळे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे. ती कशी पाळली जाते हे पानटपऱ्यांच्या पुढ्यातील जमीन सांगते. पुरुषांच्या गालात तंबाखूचा बार आणि बायकांच्या बोटावर मिश्री, हा मराठवाड्यातील नित्याचा देखावा आहे, आणि या सवयीमुळे गालाच्या आत उमटणारा पांढरा चट्टा बुरशीचा नसून कर्करोगाचा पूर्वसूचक असू शकतो. मलमलीने टिपून पाहण्याची जी परीक्षा वर सांगितली तिचे खरे मोल येथे कळते : टिपल्याने निघतो तो थर बहुधा किण्वाचा, आणि टिपूनही तसूभर हलत नाही तो चट्टा बुरशीनाशक औषध चोपडून वाट पाहण्याच्या योग्यतेचा नाही. दोन आठवड्यांत न गेलेला पांढरा किंवा लाल चट्टा, न भरणारा व्रण, आणि तीन बोटे उभी शिरणार नाहीत इतके आखडलेले तोंड, यांपैकी काहीही आढळल्यास रोग्याला बीडच्या जिल्हा रुग्णालयात किंवा अंबाजोगाईच्या स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयात पाठवावे, आणि तो गेला की नाही याची पुन्हा चौकशी करावी.

त्वचेच्या प्रकरणाआधी एक तक्रार नोंदवतो. त्वचारोगांची आपली बहुतेक पाठ्यपुस्तके गोऱ्या कातडीवर लिहिली गेली. ‘मांसासारखा तांबडा चट्टा’ हे त्यांतील वर्णन वाचून आपल्या उन्हात राबलेल्या सावळ्या माणसाच्या काखेत तांबडेपणा शोधू लागले तर तो सापडेलच असे नाही. तेथे तो चट्टा जांभळट, तपकिरी, कधी नुसता काळसर दिसतो, आणि रोग बरा झाल्यावरही काळा डाग महिनोनमहिने राहतो, त्यामुळे औषध लागू पडले नाही असा समज होतो. म्हणून या पुस्तिकेत रंगापेक्षा जागा, कडा आणि ओल या तीन लक्षणांवर भर दिला आहे. कॅन्डिडाचा चट्टा घडीच्या खोल भागात असतो, ओलसर असतो, त्याची साल पांढुरकी होऊन सुटते, आणि मुख्य चट्ट्याच्या हद्दीबाहेर बारीक पुटकुळ्या सुट्यासुट्या विखुरलेल्या असतात. गजकर्णाचे तसे नसते. त्याची कडा उठावदार व खवल्यांची, आणि ते वर्तुळाकार वाढत जाताना मधली त्वचा निवळत जाते. खरजेची खाज रात्री वाढते आणि घरातील चारचौघांना एकदमच सुटते. लंगोटाखालच्या नुसत्या मूत्रदाहात जांघेची घडी बहुधा वाचते, कॅन्डिडा मात्र घडीतच ठाण मांडतो.

फडातून येणाऱ्या बाईचे पाय हे या विद्येचे खरे पुस्तक आहे. चौथ्या आणि पाचव्या बोटांमधील बेचकी उघडून पाहिली तर आतील कातडी भिजलेल्या कागदासारखी पांढरी, फुगलेली, दुर्गंधियुक्त आणि खाली चिरलेली दिसते. या चिखल्यांत किण्व, गजकर्णाची बुरशी आणि जिवाणू यांची बहुधा सरमिसळ असते, आणि त्या चिरेतून शिरलेल्या जंतूंनी पाय सुजून ताप भरला की मग ‘खाडा’ पडतो, म्हणजे मजुरी बुडून वर दंडही बसतो. तिच्याच हातांकडे पाहावे : नखांच्या मुळाशी कातडी सुजलेली, नखापासून सुटलेली, दाबली तर पूवाचा ठिपका येणारा, आणि नख आडव्या रेघांनी खडबडीत झालेले. हे जुनाट नखुरडे भांडी, धुणे आणि ओला ऊस यांत सतत बुडालेल्या बोटांचे दुखणे आहे. अशा बाईला ‘हात-पाय कोरडे ठेवा’ हा उपदेश करणे म्हणजे तिची थट्टाच. परंतु झोपण्यापूर्वी बेचक्या फडक्याने टिपून औषध लावणे, दोन जोड मोजे आळीपाळीने वाळवणे, आणि रात्री कोपीत तरी पाय उघडे ठेवणे, एवढे तिच्या आवाक्यात आहे.

मॅलसेझियाचे ‘शिबे’ हा त्या मानाने निरुपद्रवी विषय. पण लोकांच्या मनात त्यावरून जेवढी भीती आहे तेवढी दुसऱ्या कोणत्याही चट्ट्यावरून नाही. मानेवर, छातीवर, पाठीवर फिकट ठिपके उमटले की कोणी कोड म्हणतो, कोणी कुष्ठ म्हणतो, आणि लग्नाच्या वयाची मुलगी असली तर घरात कुजबूज सुरू होते. ठिपका नखाने हलकेच खरवडावा. कोंड्यासारखा बारीक भुसा सुटला तर ते बहुतकरून शिबे होत, कोडात भुसा सुटत नाही. मग रोग्याला डोळे मिटावयास सांगून कापसाच्या टोकाने ठिपक्याला व बाजूच्या त्वचेला आळीपाळीने स्पर्श करावा; स्पर्श सारखाच कळला तर शिब्यांच्या निदानाला बळ येते, आणि ठिपका बधिर असेल तर मात्र कुष्ठरोगाच्या तपासणीस एक दिवसही विलंब लावू नये, कारण तो पूर्ण बरा करणारा बहुविध औषधोपचार सरकारी दवाखान्यात मोफत आहे. शिबे औषधाने मरतात, पण त्वचेचा मूळ रंग परतण्यास काही महिने लागतात, आणि घामाच्या दिवसांत ते पुन्हा उमटतात, हे आधीच सांगून ठेवावे.

या पुस्तिकेची व्याप्ती त्वचा आणि मुख एवढीच आहे. तरी बीड जिल्ह्यात बसून याच जीवाच्या तिसऱ्या स्थानाविषयी मौन पाळणे लेखणीला शोभणार नाही. खाज आणि दह्यासारखा पांढरा स्राव ही योनिमार्गातील कॅन्डिडाची ठळक लक्षणे आहेत, आणि अंगावरून पांढरे जाणे ही आपल्याकडील स्त्रियांची सर्वांत सामान्य, आणि सर्वांत कमी बोलली जाणारी तक्रार आहे. २०१९ साली ऊसतोड कामगार स्त्रियांच्या गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा बोभाटा झाला, शासनाने चौकशी समिती नेमली, आणि जिल्ह्यातील सुमारे ८२ हजार स्त्रियांच्या पाहणीत १३ हजारांहून अधिक स्त्रियांचे गर्भाशय काढले गेल्याचे उघड झाले. त्या प्रत्येक शस्त्रक्रियेमागील कारणाचा निवाडा करण्याचा अधिकार या प्रस्तावनेला नाही. परंतु पांढरे जाणे, पोट दुखणे, पाळी अनियमित होणे असल्या तक्रारी घेऊन गेलेल्या स्त्रियांना कर्करोगाचे भय घालून शस्त्रक्रियेच्या टेबलावर नेले गेले, असे त्या स्त्रियांनीच सांगितले आहे. पांढऱ्या स्रावाला किण्वाखेरीज इतरही कारणे असतात आणि त्यांची तपासणी व्हावयासच हवी. तथापि जेथे कारण किण्वाचे आहे तेथे ते थोड्या दिवसांच्या औषधाने बरे होते, हे ज्ञान पंचवीस-तीस वर्षांच्या बाईपर्यंत वेळेवर पोहोचणे म्हणजे काय, हे या जिल्ह्याला वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

औषधांची हकीकत मनोरंजक आहे. पेनिसिलिन व त्यामागोमागची प्रतिजैविके आली, जिवाणू मरू लागले, आणि त्यांच्या धाकात असलेले किण्व मोकळे सुटले. त्या वेळी बुरशीला मारून माणसाला न मारणारे औषध जवळजवळ नव्हतेच. न्यूयॉर्क राज्याच्या आरोग्य खात्यातील एलिझाबेथ हेझन आणि रेचेल ब्राउन या दोघींनी ते शोधले. हेझन न्यूयॉर्क शहरात मातीच्या नमुन्यांतून जीव वाढवी आणि काचेच्या बरण्यांतून टपालाने ऑल्बनीस पाठवी, ब्राउन त्यांतून रसायन वेगळे करून टपालानेच परत पाठवी. अखेर व्हर्जिनियातील एका परिचिताच्या शेतावरून आणलेल्या मातीत हवा तो जीव सापडला, आणि १९५० साली जाहीर झालेल्या औषधाला त्यांनी आपल्या राज्याच्या नावावरून निस्टॅटिन म्हटले. त्याच दशकात आपल्याकडे, पुण्याजवळ पिंपरी येथे, हिंदुस्थान अँटिबायोटिक्सचा सरकारी कारखाना उभा राहून पेनिसिलिन काढू लागला. आणि तेथेच थिरुमलाचार यांच्या देखरेखीखालील संशोधकांनी स्ट्रेप्टोमायसिस पिंप्रिना असे नाव दिलेल्या जीवापासून १९६०च्या सुमारास हॅमायसिन हे बुरशीनाशक औषध मिळवले. किण्वाला मोकळे रान देणारे औषध आणि किण्वाला आवर घालणारे औषध एकाच कुंपणाच्या आत तयार व्हावे, आणि त्या जीवाच्या शास्त्रीय नावात पिंपरीचे नाव कोरले जावे, ही गोष्ट आपल्या शाळांतील किती मुलांना सांगितली जाते कोण जाणे. हॅमायसिन आता दुकानांत सहसा दिसत नाही. १९६९च्या आसपास आलेल्या क्लोट्रिमॅझोल व मायकोनॅझोल यांनी आणि पुढे फ्लुकोनॅझोलने बाजार व्यापला.

आज इलाजाचे सूत्र सोपे आहे आणि म्हणूनच ते बिघडते. मुखासाठी निस्टॅटिनचे द्रावण किंवा क्लोट्रिमॅझोलचा लेप, खाण्यापिण्यानंतर, दिवसातून तीनचार वेळा, आणि थर दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन दिवस. त्वचेसाठी एक टक्का क्लोट्रिमॅझोलचे मलम, कोरड्या केलेल्या जागेवर, दिवसातून दोनदा, दोन ते चार आठवडे. चार दिवसांत खाज थांबली म्हणून मलम टाकून देणारा रोगी पंधरा दिवसांनी परत येतो. तान्ह्या मुलाच्या तोंडात घट्ट जेल घशाशी सोडू नये, ते श्वासनलिका अडवते. फ्लुकोनॅझोलची गोळी गरोदर स्त्रीने आपल्या मनाने घेऊ नये. मधुमेहाच्या काही गोळ्यांबरोबर ती घेतल्यास साखर एकाएकी उतरू शकते. आणि बुरशीचे औषध ते बुरशीचे औषध, हा समज तर मुळातच खोटा : गजकर्णावर दिले जाणारे ग्रिसिओफुल्विन किण्वावर चालत नाही, आणि निस्टॅटिन गजकर्णावर चालत नाही. जेथे शंका असेल तेथे चट्ट्याची साल काचेच्या पट्टीवर घेऊन, दहा टक्के पोटॅशियम हायड्रॉक्साइडचा थेंब टाकून, किंचित ऊब देऊन सूक्ष्मदर्शकाखाली पाहिली की काही मिनिटांत निवाडा होतो. यासाठी मोठी यंत्रसामग्री लागत नाही, पाहण्याची सवय असलेला डोळा लागतो.

स्टिरॉइडमिश्रित मलमांविषयी मात्र सौम्य भाषा वापरणे मला अशक्य आहे. बीटामेथासोन किंवा क्लोबेटासोल, त्यात एक बुरशीनाशक, एक जिवाणुनाशक, असे तीनचार पदार्थ एका नळीत भरून विकले जातात. लावताच दुसऱ्या दिवशी खाज थांबते, माणूस दुकानदाराला दुवा देतो, आणि आत बुरशी निर्धास्तपणे पसरत जाते. महिन्या-दोन महिन्यांनी त्वचा पातळ होते, जांघेत कायमच्या रेघा उमटतात, चट्ट्याचे मूळ रूप इतके बिघडते की अनुभवी वैद्यालाही तो ओळखू येत नाही. केंद्र शासनाने २०१८ साली अशी चौदा स्टिरॉइडे चिठ्ठीवाचून न विकण्याच्या अनुसूचीत घातली. ताकीद कागदावर पक्की आहे. गल्ल्यावर तिचा अंमल किती, हे प्रत्येकाने आपल्या घरच्या फळीवरील अर्धी पिळलेली नळी वाचून ठरवावे. म्हणूनच पुढील प्रकरणांत प्रत्येक रोगाखाली ‘आधी काय लावले होते’ हा प्रश्न पहिला ठेवला आहे, आणि रोग्याला येताना ती नळी बरोबर आणावयास सांगितले आहे.

प्रकरणांचा क्रम तान्ह्या मुलापासून म्हाताऱ्यापर्यंत असा वयाचा आहे, रोगाच्या शास्त्रीय वर्गवारीचा नाही. कारण घरोघर फिरणाऱ्या कार्यकर्तीला समोर माणूस दिसतो, वर्ग दिसत नाही. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबांसाठीचे पान अलग काढता येईल असे शेवटी जोडले आहे. त्यात कोणती औषधे बरोबर न्यावीत, ती किती दिवस लावावीत आणि कोणत्या लक्षणावर फड सोडून दवाखाना गाठावा, एवढेच आहे. दसऱ्यापूर्वी, टोळ्या गाड्यांत बसण्याआधी, ते त्यांच्या हाती पडावे.